मदतीचा हात अडतो कुठे?

गेल्या डिसेंबरमधील गोष्ट. मला सकाळी सातच्या एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी एका बैठकीसाठी जायचे होते. घरातून निघायलाच उशीर झाला होता. आमच्या स्टँडवर फलाटाच्या टोकाला, भिंतीला लागून एक माणूस पडलेला होता. दाढी वाढलेली, अंगावर मळकी चादर, एका पायाला चिंधी बांधलेली. तो काहीतरी पुटपुटत होता आणि हात झटकत होता. 'रात्रीची अजून उतरलेली दिसत नाही,' असे मनाशी म्हणत मी पुढे गेलो आणि गाडीत बसलो. माझ्याप्रमाणेच आणखी पंचवीस-तीस माणसे त्याच्या शेजारून गेली असतील.

संध्याकाळी परत आलो तेव्हा स्टँडवरच्या चहावाल्याने हाक मारली. ''डॉक्टरसाहेब, सकाळी तुम्ही असता तर बरं झालं असतं. त्या म्हाताऱ्याला एकशेआठ बोलावून नेलं. साखर पार खाली गेली होती म्हणे.''

मी काय बोलणार? सकाळी मी तिथे होतोच!

पुढे सरकारी दवाखान्यात चौकशी केली तेव्हा सगळा उलगडा झाला. ते गृहस्थ मधुमेहाचे रुग्ण. दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या ते नेमाने घेत होते. पण आदल्या दिवशी दुपारपासून पोटात अन्न नव्हते. उपाशीपोटी गोळी घेतल्याने रक्तातील साखर उतरली आणि मेंदूला इंधन मिळेनासे झाले. अशा वेळी माणूस असंबद्ध बोलतो, त्याला घाम सुटतो, हात थरथरतात, तोल जातो. बघणाऱ्याला तो प्यालेला वाटतो. आणखी काही तास तसेच गेले असते तर कदाचित ते दगावले असते.

त्यांना वाचवले कोणी? स्टँडवर शेंगा विकणाऱ्या आजींनी. मी त्यांना विचारले, ''आजी, तुम्हाला कसं कळलं?'' त्या म्हणाल्या, ''त्यात काय कळायचं, डाक्तर? रोज सकाळी मला 'राम राम' घालतो. दात न्हाईत म्हणून त्याच्यापुरत्या उकडलेल्या शेंगा ठेवते मी. आज हाक मारली तर वळखंना. म्हनलं, ह्ये काय बरोबर न्हाई.''

वाचकहो, वैद्यकाचे शिक्षण माझ्याकडे होते, आजींकडे नव्हते. तरीही निदान त्यांनी केले आणि मी चुकलो. हा प्रसंग माझ्या मनातून जाईना. मला दया कमी आहे आणि आजींना जास्त, एवढे म्हणून हा प्रश्न सुटतो का? की बेघर माणसाला मदत करण्यास आपले मन तयार होणे किंवा न होणे यामागे आणखी काही कारणे आहेत? मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर गेली पन्नास-साठ वर्षे प्रयोग केलेले आहेत. त्यांचे निष्कर्ष आपणा सर्वांच्या उपयोगाचे आहेत.

घाईचा परिणाम

अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे १९७३ साली जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी त्यासाठी निवडले होते. त्यांना एक छोटे भाषण देण्यासाठी जवळच्या दुसऱ्या इमारतीत जाण्यास सांगितले. वाटेत एका दारात एक माणूस खोकत, कण्हत वाकून बसलेला होता. अर्थात तो प्रयोगासाठी बसवलेला होता. काही विद्यार्थ्यांना सांगितले होते, 'तुम्हाला उशीर झाला आहे, लवकर जा.' काहींना थोडीच घाई होती, तर काहींना भरपूर वेळ होता.

ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के विद्यार्थी मदतीसाठी थांबले. थोडी घाई असणाऱ्यांपैकी ४५ टक्के थांबले. फार घाईत असणाऱ्यांपैकी मात्र फक्त १० टक्के! गमतीचा भाग म्हणजे, त्यातील काही जणांना जे भाषण द्यायचे होते त्याचा विषयच बायबलमधील दयाळू प्रवाशाची गोष्ट हा होता. वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाला उचलून त्याची शुश्रूषा करणाऱ्याची ती गोष्ट. पण भाषणाच्या विषयाचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. घाईचा मात्र स्पष्ट दिसला.

म्हणजे चांगुलपणा मनात असला तरी तो बाहेर यायला थोडी सवड लागते. माझ्या बाबतीत त्या सकाळी नेमके हेच झाले. आजी मात्र दिवसभर एका जागी बसलेल्या असतात. त्यांना पाहायला वेळ होता.

आजारी की दारुडा?

दुसरा प्रयोग न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील, १९६९ सालचा. धावत्या गाडीत एक तरुण एकाएकी कोसळून पडे. कधी त्याच्या हातात काठी असे, म्हणजे तो अशक्त किंवा आजारी वाटे. कधी त्याच्या अंगाला दारूचा वास असे आणि हातात कागदात गुंडाळलेली बाटली असे. काठीवाल्याच्या मदतीला ६५ पैकी ६२ वेळा प्रवासी आपणहून धावले. बाटलीवाल्याच्या मदतीला ३८ पैकी १९ वेळा, म्हणजे निम्म्या वेळाच.

याचे कारण पुढे बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाने नीट मांडले. कोणी संकटात दिसला की आपले मन क्षणार्धात विचारते, 'यात त्याचा स्वतःचा दोष किती?' दोष त्याचा नाही असे वाटले की कणव येते आणि हात पुढे होतो. दोष त्याचाच आहे असे वाटले की राग येतो, किळस येते आणि पाय पुढे निघतात. हा निवाडा आपण एखाद्या न्यायाधीशाप्रमाणे करतो. मात्र पुरावा न तपासता!

डॉक्टर म्हणून मला येथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. दारू न पिताही माणूस दारुड्यासारखा वागतो, असे कितीतरी आजार आहेत. रक्तातील साखर उतरणे हा एक. डोक्याला मार लागून आत रक्तस्राव होणे हा दुसरा. फिट येऊन गेल्यानंतर माणूस काही वेळ गोंधळलेला असतो. अर्धांगवायूच्या झटक्यात जीभ जड होते, तोंड वाकडे होते. मेंदूज्वर, अति थंडीने शरीर गारठणे, उन्हाळ्यात उष्माघात, या सगळ्यांत बोलणे आणि चालणे बिघडते. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला हे सर्व धोके तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असतात.

बरे, समजा तो खरोखरच प्यालेला आहे. तरीही तो धोक्याबाहेर नसतो. उताणा पडून उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. पडून डोके फुटलेले असू शकते आणि दारूच्या वासामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केलेले आहे. काही माणसे दारूमुळे रस्त्यावर येतात हे खरे. पण रस्त्यावर आल्यानंतर थंडी, भीती आणि वेदना विसरण्यासाठी दारू धरणारेही असतात. फलाटावर पडलेल्या माणसाकडे पाहून यातले आधी काय घडले हे आपल्याला सांगता येत नाही.

'कोणीतरी बघेल'

तिसरे कारण गर्दी. जॉन डार्ली व बिब लाताने यांनी १९६८ साली एक प्रयोग केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेली माणसे यंत्रावरून एकमेकांशी बोलत होती. त्यातील एकाला फिट आल्याचे आवाज ऐकू आले. 'हे फक्त मीच ऐकतो आहे' असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण फिटचे आवाज थांबण्यापूर्वीच मदत मागायला बाहेर आले. 'आणखी चौघे ऐकत आहेत' असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी फक्त ३१ टक्के.

गर्दीत जबाबदारी वाटली जाते. शंभर माणसांत वाटलेली जबाबदारी प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते. त्यातच प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. कोणीच थांबत नाही, म्हणजे काही विशेष नसावे, असा सगळेच अर्थ लावतात. स्टँडवर, बाजारात, यात्रेत हेच घडते.

पण याला एक आशादायक बाजूही आहे. वर सांगितलेल्या रेल्वेच्या प्रयोगात डब्यात गर्दी असूनही मदत लगेच मिळत होती. कारण माणूस सर्वांच्या डोळ्यांदेखत कोसळला होता आणि काय झाले याविषयी संशय नव्हता. म्हणजे 'याला मदतीची गरज आहे' हे स्पष्ट झाले की गर्दीही हलते. म्हणून पहिल्या माणसाने थांबून मोठ्याने बोलणे फार महत्त्वाचे. 'अहो, कोणीतरी बघा हो' असे न म्हणता एकाकडे बोट दाखवून सांगावे, ''अहो निळा शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा. वहिनी, तुम्ही जरा पाणी आणून ठेवा.'' नेमून दिलेले काम बहुतेक जण टाळत नाहीत.

माणूस म्हणून पाहणे

चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सुसान फिस्क व लासाना हॅरिस या संशोधकांनी २००६ साली, निरनिराळ्या माणसांची छायाचित्रे दाखवून पाहणाऱ्यांच्या मेंदूच्या कार्याचे चित्रण केले. समोरच्या माणसाच्या मनात काय चालले असेल, याचा विचार करताना मेंदूच्या पुढच्या भागातील एक ठरावीक जागा कार्यरत होते. बेघर आणि व्यसनी माणसांची छायाचित्रे पाहताना त्या जागेचे कार्य नेहमीपेक्षा कमी आढळले. म्हणजे डोळ्यांना तो दिसतो, पण माणूस म्हणून मनात नोंदला जात नाही. जणू एखादी वस्तूच!

पुढील वर्षीच्या त्यांच्या अभ्यासात पाहणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारला गेला, 'ही अमुक भाजी या माणसाला आवडत असेल का?' केवळ एवढा विचार करताना मेंदूच्या त्या भागाचे काम वाढले. ज्याला आवडनिवड आहे, तो आपल्यासारखाच माणूस आहे हे मनाला पटते.

आता त्या आजींची उकडलेली शेंग आठवा. त्यांना कोणत्याही यंत्राची गरज पडली नाही. दात नाहीत म्हणून या माणसाला शेंग उकडून लागते, एवढे त्यांना ठाऊक होते. त्या ओळखीमुळेच त्यांना त्या दिवशीचा फरक कळला. मी चादर आणि दाढी पाहिली, त्यांनी माणूस पाहिला.

डॅनियल बॅटसन यांनी १९९७ साली याच्याशी जुळणारी एक गोष्ट दाखवून दिली. एका बेघर माणसाची मुलाखत ऐकवताना, 'त्याला काय वाटत असेल याची कल्पना करा' असे श्रोत्यांना सांगितले, तर त्या एका माणसाविषयीच नव्हे, तर एकंदर बेघर लोकांविषयीच त्यांचे मत पुष्कळ निवळले. एकाशी झालेली ओळख अनेकांच्या कामी येते, ती अशी.

आकड्यांनी मात्र मन तितकेसे हलत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर माणसे मोजली गेली. त्यातील दोन लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातील होती. हे वाचून आपण 'अरेरे' म्हणतो आणि पान उलटतो. त्याच पानावर एका माणसाची हकिकत असली तर ती शेवटपर्यंत वाचतो.

भीती आणि तिचे उत्तर

बरेच जण मला सांगतात, ''डॉक्टर, मन होतं हो, पण भीती वाटते.'' या भीतीचे तीन प्रकार आहेत.

पहिली भीती रोगाची. क्षयरोग स्पर्शाने होत नाही. तो खोकल्यातून हवेमार्गे पसरतो आणि तोही बहुधा बंद जागेतील दीर्घ सहवासाने. खरूज होण्यास बराच वेळ त्वचेला त्वचा लागावी लागते. रक्त किंवा जखम असेल तर हातात प्लास्टिकची पिशवी घालावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. एवढी काळजी पुरे.

दुसरी भीती पोलिसांच्या चौकशीची. रस्त्यावरील अपघाताबाबत २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली असून जखमींना मदत करणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे. इच्छा नसेल तर त्याने आपले नावही सांगण्याची गरज नाही. आजारी माणसासाठी १०८ ला फोन करणे हा तर काही गुन्हा नव्हेच.

तिसरी भीती 'वेड्या' माणसाची. स्वतःशी बोलणारी, केसांच्या जटा झालेली, कचऱ्यातले खाणारी माणसे पाहून आपण रस्ता बदलतो. त्यांच्यापैकी अनेकांना स्किझोफ्रेनियासारखा आजार असतो आणि तो औषधांनी आटोक्यात येऊ शकतो. मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांना एक तरुण करवंटीने गटारातील पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला उपचारांसाठी आणले. बरा झाल्यावर कळले की तो शिकला-सवरलेला, चांगल्या घरचा मुलगा आहे. या दांपत्याने १९८८ साली 'श्रद्धा' ही संस्था सुरू केली. पुढे कर्जतजवळ केंद्र उभे राहिले आणि रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्यात आले. २०१८ साली डॉ. वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण भटकताना आढळल्यास त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. आपण फक्त पोलीस ठाण्यात कळवावयाचे आहे.

'पैसे दिले तर दारूच पितील'

हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. त्यात थोडे तथ्य आहे, पण ते काहीच न करण्याचे कारण होऊ शकत नाही. पैसे द्यायचे नसतील तर देऊ नका. चहा द्या, भाकरी द्या, जुने स्वेटर द्या, जखमेसाठी दवाखान्याची वाट दाखवा. आणि यातले काहीच जमले नाही तर निदान 'काय बाबा, बरं आहे ना?' एवढे विचारा. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, त्या येणाऱ्याची लायकी तपासण्यासाठी नव्हे.

आपण काय करावे?

१. घाईत असलात तरी अर्धा मिनिट थांबून पाहा. हाक मारा. उत्तर देतो का, श्वास नीट चालू आहे का, अंगाला घाम किंवा रक्त आहे का, ते बघा. माणूस आक्रमक वाटला तर दूर उभे राहून मदत बोलवा.

२. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल, तर साखर घातलेले पाणी किंवा गोड चहा द्या. साखर उतरलेली असेल तर पंधरा-वीस मिनिटांत बरेचदा फरक दिसतो. तरीही दवाखान्यात न्यावेच, कारण गोळ्यांमुळे साखर पुन्हा उतरू शकते.

३. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. पडून मार लागल्याची शंका असेल तर मान न वाकवता, दोघा-तिघांनी मिळून सावकाश वळवा.

४. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडावर पाणी मारणे, हलवून उठवणे यात वेळ घालवू नका.

५. मनोरुग्ण वाटल्यास पोलिसांना ११२ वर कळवा. काय करावे हे सुचत नसेल तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

६. आपल्या गावात बेघरांसाठी निवारा आहे का, याची नगरपालिकेत एकदा चौकशी करून ठेवा. ऐनवेळी शोधाशोध होत नाही.

७. आपल्या रोजच्या वाटेवर एखादा असा माणूस असेल तर त्याची ओळख करून घ्या. नाव विचारा. पुढचे बरेच काम सोपे होते.

स्टँडवरच्या त्या गृहस्थांविषयी सांगायचे राहिले. ते लग्नकार्यात आचारी म्हणून काम करीत. पायाची जखम चिघळल्यावर चुलीपुढे उभे राहणे जमेना, काम सुटले, मग खोली सुटली. जिल्हा रुग्णालयात त्यांच्या पायाची दोन बोटे काढावी लागली, पण पाय वाचला. आता ते संध्याकाळी माझ्या दवाखान्यात ड्रेसिंगसाठी येतात. परवा त्यांनी माझ्या कंपाउंडरला आमटीत आमसूल केव्हा घालावे याचा धडा दिला.

मीही आता एस.टी.साठी दहा मिनिटे आधी निघतो. स्टँडवर आजींकडून शेंगा घेतो आणि कोणाचे कसे चालले आहे ते विचारतो. गाडी अजून एकदाही चुकलेली नाही.

(पुढील आठवड्यात : मधुमेहींनी पायांची काळजी कशी घ्यावी?)